वाचकांचे प्रश्न : बरोबरीच्यांना जीवशास्त्र शिकवताना

सत्र परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी जीवविज्ञानाच्या निरनिराळ्या शाखांत स्वतः शिकत असताना सोबत्यांना आणि धाकट्या वर्गांतील विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या मुलामुलींची पत्रे इतकी आली, की सगळी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहातील बी.एस्सी.च्या मुली आणि माझ्याच वर्गातील दोघीतिघी पेशीविज्ञान आणि जनुकशास्त्र समजून घेण्यासाठी माझ्या खोलीवर येतात. मी मनापासून तयारी करते, आकृत्या काढून दाखवते. "तू सांगितलंस की लगेच कळतं," असे त्या म्हणतात. परंतु अंतर्गत चाचणीत अर्धगुणसूत्री विभाजनावरचा (गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनावरचा) साधा प्रश्नही त्यांना सुटत नाही. मॅडम, मी कोठे कमी पडते आहे? — कोल्हापूर

उत्तर : तुमच्या वर्णनावरून त्या तासाभरात सर्वांत जास्त अभ्यास तुमचाच होत असावा. तयारी तुम्ही करता, आकृती तुम्ही काढता, बोलताही तुम्हीच. समोरची मुलगी ऐकते आणि मान हलवते. नीट मांडलेले स्पष्टीकरण ऐकताना ते आपल्यालाच सुचले असते असे वाटू लागते, त्यामुळे 'लगेच कळतं' हे त्या मुली खोटे बोलत नसतात. मात्र ते कळणे तुम्ही समोर बसलेल्या असेपर्यंतच टिकते.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात आठवीच्या मुलांना माणसाच्या रक्ताभिसरणाचा पाठ एकेकट्याने शिकवण्याचा प्रयोग केला आणि तो २००१ साली प्रसिद्ध केला. त्यातील एका भागात शिकवणाऱ्यांना हवे तसे समजावून सांगण्याची मोकळीक होती. दुसऱ्या भागात त्यांना समजावून सांगण्याचीच मनाई होती. 'हे तू तुझ्या शब्दांत सांग', 'असे का होत असेल', 'याचा मघाच्या वाक्याशी काय संबंध' अशा प्रश्नांनी मुलांना बोलते करायचे, एवढेच त्यांचे काम होते. दोन्ही भागांतील मुले सारखेच शिकली. ज्या स्पष्टीकरणावर आपण रात्र खर्च करतो ते काढून टाकले तरी शिकणाऱ्याचे फारसे बिघडले नाही, हे शिकवणाऱ्याच्या अभिमानाला जरा लागणारे आहे. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. ची यांनी रॉड रॉस्को यांच्यासह २००७ साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा असेही आढळले, की सोबत्यांना शिकवणारे विद्यार्थी बहुधा स्वतःला माहीत असलेले जसेच्या तसे सांगत सुटतात, आणि तसे केल्याने त्यांची स्वतःची समजही फारशी वाढत नाही. सांगता सांगता थांबून आपल्याच विधानाची तपासणी करणाऱ्यांना मात्र लाभ होतो.

आता तुमच्या विभाजनाकडे येऊ. पाठ्यपुस्तकात त्याच्या पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात, आणि मुली त्या नावांसह पाठही करतात; पण गोंधळ पायऱ्यांचा नसतो, मोजण्याचा असतो. पुढच्या वेळी काहीही न सांगता एकच प्रश्न विचारा : माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे आहेत, विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट झाला, आता गुणसूत्रे किती? अनेकजणी '९२' म्हणतील. हे उत्तर हाती आले की त्या मुलीची अडचण नेमकी कोठे आहे ते तुम्हाला समजले. ती डीएनएचे प्रमाण आणि गुणसूत्रांची संख्या या दोन गोष्टी एकच समजते आहे, आणि तो समज तसाच राहिला तर पुढचे कितीही सुंदर चित्र तिच्या उपयोगाचे नाही. गुणसूत्रांची मोजणी गुणसूत्रबिंदूवरून, म्हणजे दोन प्रती जोडणाऱ्या जागेवरून, होते, म्हणून दुप्पट झाल्यावरही ती ४६च राहतात. फक्त प्रत्येकात दोन क्रोमॅटिड, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या सारख्या प्रती, असतात. पहिल्या विभाजनात समजात (आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या एकाच प्रकारच्या गुणसूत्रांच्या) जोड्या विलग होऊन प्रत्येक पेशीत २३ येतात, तीही दोन-दोन क्रोमॅटिडांसह. दुसऱ्या विभाजनात क्रोमॅटिड विलग होतात, तेव्हा संख्या २३च राहते आणि डीएनएचे प्रमाण निम्मे होते. हे सारे तुम्हाला ठाऊक आहे. ते तिच्या तोंडून आले पाहिजे.

त्यासाठी वहीपेक्षा लोकर बरी. चार गुणसूत्रांचा एक काल्पनिक प्राणी घ्या : दोन लांब धागे, दोन आखूड, आईकडून आलेले तांबडे, वडिलांकडून आलेले निळे. प्रत्येक धाग्याला जोड धागा बांधून डीएनए दुप्पट करायला तिला सांगा. समजात जोड्या शेजारी ठेवून त्यांचे तुकडे आपसात बदलायला लावा. मग दोन्ही विभाजने तिच्या हातांनी होऊ द्या, आणि प्रत्येक टप्प्यावर गुणसूत्रे किती व क्रोमॅटिड किती हे तिला कागदावर लिहायला लावा. चार गुणसूत्रांच्या प्राण्यात, तुकड्यांची अदलाबदल सोडून दिली तरी, युग्मकांचे (अंडपेशी किंवा शुक्रपेशींचे) ४ प्रकार होतात हे तिच्या ध्यानात आले, की माणसाच्या २३ जोड्यांतून होणारे ८३,८८,६०८ प्रकार ती स्वतः काढू शकते. लोकरीच्या खेळात तिचा हात जेथे अडखळतो तेथेच तुमचे काम असते, आणि तेथेही आधी प्रश्न विचारायचा, उत्तर सांगायचे नाही.

'कळलं का?' हा प्रश्न मात्र आजपासून बंद करा. आपल्याकडे या प्रश्नाला 'हो' हेच शिष्ट उत्तर आहे. मैत्रिणीने विचारला असेल तर जास्तच. त्याऐवजी 'आता वही मिटून पहिल्या विभाजनाची शेवटची अवस्था काढ' असे म्हणा आणि गप्प राहा. ही शांतता सुरुवातीला तुम्हालाच असह्य होईल. ती ओळ खोडेल, पुन्हा काढेल, तुमच्या तोंडाकडे पाहील. तिला मदत करण्याची घाई करू नका. खोडलेली पहिली आकृती जपून ठेवा, कारण पुढच्या भेटीत तिचाच उपयोग होणार आहे.

अशा मुळाशी बसलेल्या चुकीच्या समजुती जीवशास्त्रात पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही पदवीनंतरही शाबूत राहतात. 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन' हे त्यातलेच. पिंपळाखाली रात्री झोपू नये या घरोघरच्या सूचनेने त्याला बळच मिळते. दिवसाही श्वसन चालूच असते, फक्त ते प्रकाशसंश्लेषणाच्या मोठ्या उलाढालीत झाकले जाते. श्वसनसाखळीतील सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवून दिले. ती माहिती दिली की मुलींना वनस्पतीचे श्वसन आणि आपले श्वसन यांतला सारखेपणा पटकन पटतो. 'झाडाचे वजन कोठून येते?' हा दुसरा प्रश्न विचारून पाहा. 'मातीतून' असे उत्तर आले तर व्हॅन हेल्माँट यांच्या विलोच्या रोपाची गोष्ट सांगा : त्यांनी ५ वर्षे कुंडीत रोप वाढवले, रोपाचे वजन १६० पौंडांहून जास्त वाढले आणि मातीचे वजन काही औंसांनीच घटले. त्यावरून स्वतः हेल्माँट यांनी काढलेला निष्कर्षही चुकला होता. सगळे वजन पाण्याचे, असे त्यांना वाटले. ती चूक मुलींनाच शोधू द्या. कार्बन डायऑक्साइडपर्यंत त्या आपोआप येतात.

एका ग्लुकोजपासून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) किती, यावर तुमच्या खोलीत नक्कीच भांडण होत असेल, कारण जुन्या पुस्तकांत ३८ किंवा ३६ आणि नव्यांत ३२ किंवा ३० असे आकडे आहेत. येथे 'सरांनी ३८ सांगितलंय, तेच लिही' असे सांगणारी मुलगी शिकवण्याची सोपी वाट धरते. त्यांना हिशेब करायला लावा : १० एनएडीएच, २ एफएडीएचटू (हे दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) आणि थेट तयार होणारे ४ एटीपी. प्रत्येक एनएडीएचला ३ आणि एफएडीएचटूला २ धरले तर ३० अधिक ४ अधिक ४, म्हणजे ३८. प्रत्यक्ष मोजमापाला अधिक जवळचे २.५ आणि १.५ धरले तर २५ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ३२. पेशीद्रवातील २ एनएडीएच तंतुकणिकेत कोणत्या वाटेने शिरतात त्यावर आणखी २ कमी होतात. चारही आकड्यांची उपपत्ती मांडता आली की परीक्षेत कोणताही आकडा लिहिण्याची भीती राहत नाही; आपल्या प्राध्यापकांनी शिकवलेला लिहावा आणि शेजारी गृहीतक नोंदवावे.

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्राच्या तृतीय वर्षाला असून मी वर्गातील पाचसहा मित्रांचा अभ्यास घेतो. सगळे बी ग्रुपचे. दहावीनंतर गणित सुटले म्हणून आनंद मानणारे. विरलनाची (नमुना ठरावीक पट पातळ करण्याची) आणि हार्डी-वाइनबर्गची (समूहातील जनुकांचे प्रमाण काढण्याची) उदाहरणे आली की ते पान उलटतात. सूत्र पाठ करून घेतले तरी आकडे बदलले की अडकतात. — नागपूर

उत्तर : बारावीला गणित सोडून जीवशास्त्र ठेवणाऱ्या मुलांची अशी समजूत करून दिलेली असते, की पुढे आकडेमोड नाही. ती समजूत करून देणाऱ्यांवर रागावण्यात वेळ घालवू नका, परंतु तुमच्या मित्रांची अडचण गणिताची आहे हेही लगेच मान्य करू नका. त्यांना बहुधा गुणाकार येतो. कोणत्या गोष्टीला कशाने गुणायचे ते ठरत नाही.

विरलन प्रयोगशाळेतच शिकवावे, तेही पाणी आणि शाई घेऊन. १ मिलिलिटर शाई आणि ९ मिलिलिटर पाणी : एकूण १०, म्हणून शाई दहापट विरल झाली. १ ला १० मिलिलिटर पाणी घालून ते दहापट विरलन समजणारा एक मित्र तुमच्या गटात नक्की निघेल. त्याची नळी इतरांच्या नळीशेजारी ठेवून एकूण आकारमान मोजायला सांगा, वेगळे समजावण्याची गरज राहत नाही. अशी तीन विरलने ओळीने केली की नमुना हजारपट विरल होतो. आता तिसऱ्या नळीतले ०.१ मिलिलिटर थाळीवर पसरले आणि ५२ वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) आल्या, तर मूळ नमुन्यात दर मिलिलिटरला किती पेशी? बहुतेक मुले ५२ ला १,००० ने गुणून ५२,००० म्हणतात. ते ०.१ विसरतात. पूर्ण १ मिलिलिटर पसरले असते तर ५२० आल्या असत्या, म्हणून उत्तर ५,२०,०००. सूत्रात भरण्यापूर्वी 'थाळीवर प्रत्यक्षात काय पडले' हे वाक्य प्रत्येकाने मोठ्याने म्हणावे असा नियमच करा. तसेच ३० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त वसाहती असलेली थाळी मोजणीसाठी का घेत नाहीत, हेही त्यांनाच विचारा. कमी आकड्यातील योगायोगाचा वाटा आणि दाटीत एकमेकींत मिसळणाऱ्या वसाहती, ही दोन्ही कारणे चर्चेत सुचतात.

हार्डी-वाइनबर्गसाठी तुमच्या विदर्भाइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत अनेक आदिवासी समाजांत आणि विदर्भातील इतर काही समाजांतही आढळतो. तुमच्या मित्रांपैकी एखाद्याच्या घरी वाहक (एकच बदललेले जनुक असलेली व्यक्ती) असण्याची शक्यता आहे, म्हणून नाजूकपणे बोला, पण टाळू नका. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ फरक. आता समजा, १०,००० नवजात बालकांपैकी १०० जणांना हा आजार आहे. आजार होण्यासाठी दोन्ही जनुके बदललेली हवीत, म्हणून बदललेल्या जनुकाचे प्रमाण क्यू आणि मूळ जनुकाचे पी धरले तर क्यूचा वर्ग ०.०१, क्यू म्हणजे ०.१, पी म्हणजे ०.९ आणि वाहक, म्हणजे २ पी क्यू, ०.१८. दहा हजारांत १,८०० वाहक. रुग्ण १०० आणि वाहक १,८००, हे कागदावर उतरल्यावर वर्ग गप्प होतो. विवाहापूर्वीच्या तपासणीवर इतका भर का दिला जातो आणि केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान का हाती घेतले, याचे उत्तर त्या आकड्यात असते.

याच वेळी गृहीतकांचाही विचार करून घ्या. हार्डी या इंग्रज गणितज्ञाने आणि वाइनबर्ग या जर्मन डॉक्टराने १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेला हा नियम मोठ्या समूहात विवाह यदृच्छेने होतात असे धरतो, आणि निवड, स्थलांतर व उत्परिवर्तन यांचा परिणाम नाही असेही धरतो. पोटजातीतच लग्ने होणाऱ्या आपल्या समाजात यांतील कोणते गृहीतक किती टिकते? यावर तुमचे पाचसहा मित्र अर्धा तास वाद घालतील. तो वाद म्हणजेच अभ्यास आहे; थांबवू नका.

प्रश्न : पुण्यात एम.एस्सी. करताना घरून येणारे पैसे खाणावळीलाही पुरत नाहीत. कनिष्ठ विद्यार्थ्यांना जैवरसायनशास्त्र शिकवतो, पण पैसे मागायला संकोच वाटतो. शिवाय काहीजण जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) लिहून द्या, प्रकल्पाचा अहवाल तयार करून द्या, असे म्हणतात आणि त्याचे मात्र चांगले पैसे देऊ करतात. — पुणे

उत्तर : शिकवण्याचे पैसे घ्या, संकोच बाळगू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा विचार महाराष्ट्राच्या शिक्षणात रुजवला आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्या नावाची योजना चालते. श्रम करून शिकणे हे आपल्याकडे कमीपणाचे नाही, मग ते श्रम बागेत केलेले असोत की फळ्यासमोर. दर पहिल्याच भेटीत सांगावा, तासावर ठरवावा, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी एखादी जागा विनामूल्य ठेवावी. ज्यांच्या प्रात्यक्षिकात तुम्ही विभागाच्या वतीने मदतनीस म्हणून उभे असता किंवा ज्यांचे गुण तुमच्या हातून जातात त्यांच्याकडून मात्र एक रुपयाही घेऊ नये. आपल्या वर्गमित्रांकडूनही घेऊ नये असे माझे मत आहे. त्यांच्याशी देवाणघेवाण वेगळी असते, ते तुम्हाला संख्याशास्त्र शिकवतील.

जर्नल आणि अहवाल लिहून देणे हे शिकवणे नव्हे, आणि त्याला नम्र नकारही पुरत नाही, स्पष्ट नकार द्यावा लागतो. एम.एस्सी.च्या आणि त्यापुढच्या प्रबंधांतील उचलेगिरीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत आणि साम्य ६० टक्क्यांहून अधिक निघाले तर नोंदणी रद्द होण्यापर्यंत शिक्षा आहे. तुम्ही स्वतः नव्याने लिहून दिलेला मजकूर संगणकाला सापडणार नाही हे खरे, पण तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने 'हे बफर का निवडले?' असे विचारताच तो उघडा पडतो, आणि तुमचा विद्यार्थी त्या खोलीत एकटा असतो. कोणी अहवाल घेऊन आला तर त्याला त्याच्या नोंदवहीतील मोजमापे टेबलावर ठेवायला सांगा, आलेख त्याच्याकडून काढून घ्या, प्रत्येक आकृतीखाली त्याला दोन वाक्ये लिहायला लावा आणि ती तपासून द्या. त्या वेळाचे पैसे तुम्ही निःशंक मनाने घेऊ शकता.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या जैवरसायनशास्त्रात नापासांचे प्रमाण मोठे आहे. तृतीय वर्षाच्या चांगल्या विद्यार्थ्यांकडून त्यांना शिकवण्याची व्यवस्था करावी असा विचार आहे. मागे 'कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास' सुरू केले होते, पण कोणी फिरकले नाही. एक अध्यापक, रत्नागिरी

उत्तर : फलकावर 'कच्च्या विद्यार्थ्यांसाठी' असे लिहिल्यावर कोण येणार? तुमच्या योजनेतला दोष त्या एका शब्दात होता. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डिआना मार्टिन यांनी १९७३ साली नेमका हाच विचार उलटा केला. कच्चे विद्यार्थी शोधण्याऐवजी त्यांनी अवघड विषय शोधले. ज्या विषयात ३० टक्के किंवा त्याहून अधिक विद्यार्थी अडखळतात किंवा तो मध्येच सोडतात, तो विषय निवडायचा आणि त्या वर्गातील प्रत्येकासाठी, पहिल्या क्रमांकाच्या मुलासाठीसुद्धा, तास उघडे ठेवायचे. सुरुवात आरोग्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांपासून झाली आणि पुढे ही पद्धत अनेक देशांत पोचली.

तिच्यातील एक अट आपल्याकडे हमखास गाळली जाते, ती तुम्ही गाळू नका : शिकवणारा विद्यार्थी, विषय उत्तीर्ण झालेला असूनही, त्या वर्गाच्या व्याख्यानांना पुन्हा बसतो. त्यामुळे तुम्ही या आठवड्यात विकरांच्या (एन्झाइमांच्या) गतिकीवर काय बोललात आणि कोणत्या वाक्याला वर्ग हरवला हे त्याने पाहिलेले असते. तो स्वतंत्र व्याख्यान देत नाही. मुलांच्या वह्या एकमेकांशी ताडून पाहतो, प्रश्न टाकतो, फळ्यावर खडू दुसऱ्याच्या हाती देतो. वेळापत्रकात त्याच्या तासाला ठरलेली जागा द्या, संध्याकाळच्या शेवटच्या एसटीआधीची, कारण तुमच्याकडची निम्मी मुले गावाहून ये-जा करत असतील. कोण आले आणि कोणाला काय आले नाही, हे त्याच्याकडून विचारून घेऊ नका. तसे एकदा झाले की मुले त्याच्यासमोर बोलायची थांबतील. त्याला मानधन द्या, थोडे का होईना. आणि मराठीत बोलू द्या. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला तर्क मराठीतून आणि आकृतीवरील नावे इंग्रजीतून, अशी सरमिसळ सोयीची जाते. अखेरची दहा मिनिटे परीक्षेच्या भाषेत उत्तर लिहिण्यासाठी राखून ठेवली म्हणजे झाले.

एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने 'मुलांनी मुलांना शिकवायचे तर आम्ही कशाला' असे म्हटले, तर त्यांना आठवण द्या, की ही कल्पना परदेशातून आलेली नाही. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतले, १७९७ साली त्याचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ती 'मद्रास पद्धत' या नावानेच इंग्लंडमध्ये गाजली. तिच्यात पाठांतरावरच भर होता, ते तेवढे घेऊ नका.

प्रश्न : एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून नेटची (अध्यापन-संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) तयारी करतो. धाकट्या वर्गातील मुले रोज संध्याकाळी येतात. शिकवल्याने आपला अभ्यास होतो असे सगळे म्हणतात, पण माझे वाचन मागे पडले आहे. — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सगळे म्हणतात ते अर्धे खरे आहे. जे शिकवता तेवढेच पक्के होते, आणि धाकट्यांना तुमच्याकडून हवे असते ते त्यांच्या अभ्यासक्रमातले. जीवविज्ञानाच्या नेटमध्ये १३ घटक आहेत. २०० गुणांपैकी पार्ट ए ३० गुणांचा, बी ७० चा आणि सी १०० चा. बीमध्ये ५० प्रश्नांतून ३५ सोडवायचे, तेथे पदवीच्या पायाभूत गोष्टी शिकवल्याचा फायदा होतो. सीमध्ये ७५ पैकी २५च सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चुकल्यास चौथा हिस्सा वजा. तेथे प्रयोगाची माहिती वाचून निष्कर्ष काढावा लागतो आणि निवडक घटकांत खोल जाणे सर्व घटक वरवर वाचण्यापेक्षा कामाला येते. म्हणून तुमचे जे चारपाच घटक खोल करायचे ठरले आहेत, त्यांवरचेच प्रश्न घेऊन मुलांना यायला सांगा. विकासजीवशास्त्र तुमचे असेल तर परिसंस्थेच्या प्रश्नासाठी त्यांना दुसऱ्या मित्राकडे पाठवा. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याकडेच असले पाहिजे, असा तुमचा त्यांच्याशी करार नाही.

रोज संध्याकाळ देऊ नका. आठवड्यात दोन ठरलेले दिवस पुरेत, आणि मुलांनी प्रश्न आदल्या दिवशी लिहून द्यावेत. लिहिता लिहिता त्यांतले निम्मे त्यांचे त्यांनाच सुटतात. परीक्षेच्या दीड महिना आधी तास पूर्ण थांबवा आणि ती तारीख मुलांना आजच सांगून ठेवा, म्हणजे त्यांनाही दुसरी सोय पाहायला वेळ मिळेल. तुमच्या वर्गात जी मुलगी किंवा मुलगा या वर्षी नेटला बसणार नाही, त्यांच्याशी धाकट्यांना पुढे शिकवण्याबद्दल या आठवड्यात बोलून घ्या.